अमेरिकेतल्या निवडणुकीचा सर्व्हे वाचायचा कसा

२ नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ. अध्यक्षपदाच्या मतदानाला तीन दिवस उरले होते. आयोवा राज्यातल्या ‘डि मॉइन रजिस्टर’ या वर्तमानपत्राने आपला शेवटचा सर्व्हे जाहीर केला: कमला हॅरिस ४७ टक्के, डोनाल्ड ट्रम्प ४४ टक्के. आयोवा २०१६ आणि २०२० अशा दोन्ही वेळी ट्रम्प यांच्याकडे गेलेलं राज्य, त्यामुळे खळबळ उडाली. त्यातून सर्व्हे ॲन सेल्झर यांचा. या धंद्यात त्यांचं नाव मानाने घेतलं जायचं, कारण २०१६ आणि २०२० मध्ये त्यांनी मतदानाच्या तोंडावर ट्रम्प ७ टक्क्यांनी पुढे आहेत असं सांगितलं होतं आणि ट्रम्प अनुक्रमे ९ आणि ८ टक्क्यांनी जिंकले होते.

या वेळी ट्रम्प आयोवा १३ टक्क्यांनी जिंकले. म्हणजे सर्व्हे तब्बल १६ टक्क्यांनी चुकला. त्यात ८०८ संभाव्य मतदारांशी बोलणं झालं होतं आणि चुकीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर, म्हणजे थोड्याच माणसांना विचारल्याने आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ते) अधिक-उणे ३.४ टक्के छापलेली होती. अनुभवी माणूस, पारदर्शक पद्धत, तरीही एवढी मोठी चूक. हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट पक्की धरायला हवी. सर्व्हेचा आकडा मतमोजणीसारखा मोजून येत नाही. तो पायरीपायरीने तयार करावा लागतो आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी एक निर्णय घेतलेला असतो.

शितावरून भाताची परीक्षा

हजार माणसांना विचारून पंधरा-सोळा कोटी मतदारांचा अंदाज बांधता येतो का? येतो. शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो. पातेलं घरचं असो की पंगतीचं, चार शितं दाबून भात शिजला की नाही ते कळतं. अट एकच, शितं पातेल्याच्या सगळ्या भागांतून उचललेली हवीत. वरवरचीच घेतली तर तळाशी करपलेलं कळत नाही.

चुकीची मर्यादा काढायचा सोपा हिशोब असा: एकाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. १०० माणसं असतील तर साधारण १० टक्के, ४०० असतील तर ५, १,००० असतील तर ३ च्या थोडं वर, १,६०० असतील तर अडीच. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. खर्च परवडत नाही म्हणून बहुतेक सर्व्हे ६०० ते १,५०० च्या दरम्यान थांबतात.

आता एक चूक जवळजवळ सगळेच करतात. ही मर्यादा एका उमेदवाराच्या आकड्याला लागू असते. दोघांमधल्या अंतराला ती जवळपास दुप्पट होते. ‘अमुक ४८, तमुक ४६, मर्यादा ३’ असं छापून आलं, तर अंतर दोनचं आहे आणि त्याची मर्यादा सहाची. असा सर्व्हे ‘अमुक आघाडीवर’ असं सांगतच नाही. तो सांगतो की लढत अटीतटीची आहे. मथळा मात्र आघाडीचाच असतो.

पोटगटांत हे आणखी बिघडतं. हजारांच्या सर्व्हेत तिशीच्या आतले पुरुष ८० असतील, तर त्यांच्या आकड्याची मर्यादा ११ टक्के झाली. ‘तरुण ट्रम्पकडे वळले’ किंवा ‘तरुणांनी ट्रम्पना सोडलं’ अशा कित्येक बातम्या अशा ऐंशी माणसांवर उभ्या असतात.

आपल्याकडे फिरणारं जवळचं उदाहरण म्हणजे भारतीय वंशाच्या अमेरिकनांचे सर्व्हे. कार्नेगी संस्थेने २०२० मध्ये ९३६ भारतीय-अमेरिकन नागरिकांना विचारलं तेव्हा ७२ टक्के बायडन यांच्या बाजूने होते. २०२४ मध्ये ७१४ जणांना विचारलं तेव्हा हॅरिस यांच्या बाजूने साठ टक्क्यांच्या आसपास निघाले. हा फरक मर्यादेबाहेरचा आहे, त्यामुळे तो गांभीर्याने घ्यायला हरकत नाही. पण त्या ७१४ मधून ‘अमेरिकेतला मराठी माणूस कुणाकडे’ हे काढू गेलं तर हाताशी थोडीच माणसं उरतील आणि त्या आकड्याला काही अर्थ राहणार नाही. शिवाय तिथे मत फक्त नागरिकांना असतं. ग्रीनकार्डवाल्यांना आणि एच-१बी वाल्यांना नसतं. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर घेतलेल्या मतांमध्ये हे सगळे मिसळलेले असतात.

माणसं कमी पडली म्हणून फारसं बिघडत नाही

खरी गडबड होते ती चुकीची माणसं निवडल्याने. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवल्या आणि वीस लाखांहून जास्त परत आल्या. एवढा मोठा नमुना आजही कुणी घेत नाही. त्यांचं भाकीत होतं की रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रुझवेल्ट यांनी ६० टक्क्यांहून जास्त मतं घेतली आणि ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती ते सांगायला नको. शिवाय ज्यांना सरकारवर राग होता, त्यांनीच मतपत्रिका भरून परत पाठवण्याचे कष्ट जास्त घेतले. जॉर्ज गॅलप या सर्व्हेकर्त्याने त्या मानाने अगदी छोट्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडलं.

ही चूक आजही रोज होते. एक्सवर, यूट्यूबवर किंवा वृत्तवाहिनीच्या संकेतस्थळावर ‘तुमचं मत नोंदवा’ म्हणून घेतलेला कौल म्हणजे लिटररी डायजेस्टच. दोन लाख लोकांनी बटण दाबलं म्हणून तो खरा होत नाही.

फोन उचलतंय कोण?

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या टेलिफोन सर्व्हेत १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर देत होते. २०१८ पर्यंत ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव हाती लागतच नाहीत. उरलेले सहा इतरांसारखेच असतील तर काही बिघडत नाही, पण ते तसे नसतात. ते जास्त शिकलेले, वयाने मोठे आणि राजकारणात रस घेणारे असतात.

म्हणून आलेल्या उत्तरांना वजन द्यावं लागतं. मतदारांत बिनपदवीवाले ६० टक्के आणि नमुन्यात ४० टक्केच असतील, तर त्यांच्या प्रत्येक उत्तराला दीडपट धरायचं आणि पदवीधरांच्या उत्तराला कमी. वय, लिंग, वंश, शिक्षण, प्रदेश अशा कित्येक बाबतींत हे करतात. २०१६ मध्ये अनेक राज्यांतल्या सर्व्हेंनी शिक्षणाला वजनच दिलं नव्हतं. पदवीधर ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकलेले होते आणि तेच नमुन्यात जास्त भरले होते. विस्कॉन्सिनमध्ये शेवटच्या सर्व्हेंच्या सरासरीत क्लिंटन सहा-साडेसहा टक्क्यांनी पुढे दिसत होत्या, आणि ट्रम्प एका टक्क्याहून कमी फरकाने तिथे जिंकले.

वजन देण्याचाही अतिरेक होतो. त्याच वर्षी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ यांच्या रोजच्या सर्व्हेत इलिनॉयमधला एक १९ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता आणि तो ट्रम्प यांचा समर्थक होता. सुमारे तीन हजार जणांचा तो ठरलेला गट, त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारायचं अशी पद्धत. तिथे १८ ते २१ वयाचे पुरुष अशा अगदी बारीक गटांना वेगळं वजन दिलेलं होतं आणि या मुलासारखे गटात फारच थोडे होते. त्यामुळे त्याच्या एका उत्तराला सरासरी माणसाच्या तीसपट वजन मिळालं. तो ज्या दिवसांत उत्तर द्यायचा तेव्हा देशभराच्या अंतरात टक्काभर फरक पडायचा. अमेरिकेचा कल बदलला असं वाटायचं, आणि बदललेलं असायचं एवढंच की एका मुलाने त्या आठवड्यात उत्तर दिलं होतं की नाही.

याच सर्व्हेने ट्रम्प जिंकणार असं सांगितलं होतं, म्हणून नंतर त्याची वाहवाही झाली. पण तो मोजत होता देशभरातली एकूण मतं, आणि त्यांत ट्रम्प ३ टक्क्यांनी पुढे आहेत असं म्हणत होता. एकूण मतांत क्लिंटन २ टक्क्यांनी पुढे राहिल्या. ‘विजेता बरोबर सांगितला’ आणि ‘आकडा बरोबर होता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हेकर्त्याला मोजायचं ते आकड्याने.

वजनाचा खेळ किती मोठा आहे, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१६ च्या सप्टेंबरात दाखवलं. फ्लोरिडातल्या ८६७ मतदारांची तीच कच्ची उत्तरं त्यांनी आणखी चार जाणकार गटांना दिली आणि आपापला निष्कर्ष काढायला सांगितला. टाइम्सचा स्वतःचा धरून पाच निकाल हाती आले: क्लिंटन ४ ने पुढे, ३ ने पुढे, दोनदा १ ने पुढे, आणि एकात ट्रम्प १ ने पुढे. माणसं तीच, उत्तरं तीच. फरक पडला तो वजन कशाला द्यायचं आणि मतदान कोण करणार हे कसं ठरवायचं यामुळे. ही पाच टक्क्यांची तफावत छापलेल्या चुकीच्या मर्यादेत कुठेच धरलेली नसते. १९९८ ते २०१४ दरम्यानच्या राज्य पातळीवरच्या चार हजारांहून अधिक सर्व्हेंचा अभ्यास झाला, तेव्हा प्रत्यक्षातली चूक छापलेल्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट निघाली.

मतदान कोण करणार, हाही अंदाजच. सर्व्हेच्या तळटीपेत ‘प्रौढ’, ‘नोंदणीकृत मतदार’ किंवा ‘संभाव्य मतदार’ यांपैकी एक शब्द असतो. पात्र लोकांपैकी २०१६ मध्ये साठच्या आसपास, २०२० मध्ये ६६ टक्के लोकांनी मतदान केलं. एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त लोक घरीच राहतात आणि ते कोणते हे आधी कळत नाही. प्रौढांच्या सर्व्हेची तुलना संभाव्य मतदारांच्या सर्व्हेशी करून ‘घसरण’ दाखवणाऱ्या पोस्ट ऑक्टोबरात हमखास येतात. ती तुलनाच चूक आहे.

ऑनलाइन पॅनेल आणि पाणबुडीचे परवाने

फोन महाग पडतो, म्हणून आता पुष्कळ सर्व्हे ऑनलाइन होतात. त्यांच्या दोन जाती आहेत. पहिलीत पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठी काढल्यासारखी घरं निवडतात, टपालाने बोलावतात, इंटरनेट नसेल तर ते पुरवतात. प्यूचं स्वतःचं पॅनेल, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायचा ठरलेला गट, या जातीचं. दुसरीत कुणीही नाव नोंदवतो आणि प्रश्न सोडवून थोडे पैसे किंवा कुपनं मिळवतो. घाईघाईत ‘हो, हो, हो’ दाबणारे आणि खोटं वय सांगणारे या दुसऱ्या जातीत शिरतात.

प्यूने अशाच एका स्वेच्छानोंदणीच्या सर्व्हेत विचारलं की, तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्क्यांनी ‘आहे’ म्हणून सांगितलं. यामुळे नुसती गंमत होऊन थांबत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये स्वेच्छानोंदणीच्या एका सर्व्हेतून ‘अमेरिकेतल्या वीस टक्के तरुणांना ज्यूंचा नरसंहार ही दंतकथा वाटते’ अशी बातमी जगभर गेली. प्यूने तोच प्रश्न आपल्या निवडलेल्या पॅनेलला विचारला, तेव्हा तरुणांत ३ टक्के निघाले. एखादं धक्कादायक मत आणि तेही तरुणांचं किंवा एखाद्या अल्पसंख्य गटाचं, असं दिसलं की पहिली शंका पॅनेलवर घ्यायची. चांगल्या संस्था खोटी उत्तरं गाळतात आणि त्यांचे उमेदवारांचे आकडे बरेही येतात. पण दोन-चार टक्के लोकांचं असणारं टोकाचं मत मोजताना खोट्या उत्तरांचा गाळ खऱ्या उत्तरांहून जास्त होतो.

देशभरचा आकडा आणि राज्याचा आकडा

अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ इलेक्टोरल मतांवर, बहुमत २७० चं. मेन आणि नेब्रास्का सोडून प्रत्येक राज्यात जो पुढे त्याला राज्याची सगळी मतं. २०१६ मध्ये क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली आणि त्या हरल्या, कारण विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ही तिन्ही राज्यं मिळून ७८ हजारांपेक्षा कमी मतांनी गेली. त्या वर्षीचे देशभराचे सर्व्हे खरं तर फारसे चुकले नव्हते. चुकले ते राज्यांचे. तेव्हा देशभराचा सर्व्हे लोकमत म्हणून वाचा, आणि कोण जिंकेल ते पाहायचं तर अटीतटीच्या राज्यांचे सर्व्हे पाहा.

मग सगळ्यांची सरासरी काढली तर? एखाददुसऱ्या सर्व्हेची उडी त्यात विरते, म्हणून सरासरी नक्कीच बरी. पण सगळे एकाच बाजूला चुकले असतील तर सरासरीही तिकडेच जाते. २०२० मध्ये विस्कॉन्सिनच्या सरासरीत बायडन आठ टक्क्यांहून जास्त पुढे होते आणि जिंकले ०.६ टक्क्याने. तोवर शिक्षणाला वजन देणं बहुतेकांनी सुरू केलं होतं, तरी देशभराच्या सर्व्हेंची चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी ठरली. ज्या मतदारांचा संस्थांवर विश्वास नाही ते सर्व्हेवाल्यांशी बोलतही नाहीत, आणि न बोलणाऱ्याला वजन देता येत नाही.

शक्यतेचे आकडे तर फारच चुकीचे वाचले जातात. २०१६ मध्ये फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने ट्रम्प यांना शेवटी २९ टक्क्यांच्या आसपास शक्यता दिली होती. त्याचा अर्थ २९ टक्के मतं असा नाही, आणि ‘जिंकणार नाहीत’ असाही नाही. अशा दहा निवडणुका झाल्या तर तीन वेळा ते जिंकतील असा आहे. सट्टाबाजाराच्या भावांनाही हाच नियम लावायचा.

फॉरवर्ड आलेला आकडा तपासताना

सर्व्हेचं चित्र आलं की चित्रावर विश्वास ठेवू नका. संस्थेचं नाव आणि तारीख वाचा, आणि संस्थेच्या स्वतःच्या पानावर तोच आकडा शोधा. खऱ्या सर्व्हेसोबत प्रश्नांचे नेमके शब्द, माणसांची संख्या, दिवस, पद्धत आणि वजनाचा तपशील दिलेला असतो. तो नसेल तर तिथेच थांबा. संस्थेचं नाव आहे पण तिच्या पानावर आकडा नाही, म्हणजे चित्र बनावट. पैसे कुणी दिले ते पाहा. प्रचारयंत्रणा स्वतःसाठी डझनभर सर्व्हे करून घेते आणि सोयीचा तेवढाच पत्रकारांच्या हाती देते. तारखा पाहा. उमेदवारांच्या वादसभेच्या (डिबेटच्या) आधी घेतलेला सर्व्हे वादसभेनंतरचा म्हणून फिरतो. आणि तुलना त्याच संस्थेच्या मागच्या सर्व्हेशी करा, दुसऱ्या संस्थेच्या नको.

अनोळखी संकेतस्थळ असेल तर ते वाचत बसू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासाचे दहा विद्वान, दहा तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी यांना संकेतस्थळं तपासायला दिली. विद्वान आणि विद्यार्थी त्याच पानावर वर-खाली करत राहिले, बोधचिन्ह आणि नीटनेटकी मांडणी पाहून बरेचसे फसले. तथ्यतपासनीसांनी काही सेकंदांत ते पान सोडलं, नव्या टॅब उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. वेळ कमी लागला आणि उत्तर बरोबर आलं. ही युक्ती कुणालाही जमते.

मतदानाच्या पद्धतीबद्दलचा दावा तपासणं त्याहून सोपं, कारण त्याचं एक अधिकृत उत्तर असतं. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशर राज्याच्या मतदारांना प्राथमिक फेरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या आधी बायडन यांच्या आवाजात फोन आले: मंगळवारी मत देऊ नका, तुमचं मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. आवाज एआयने बनवलेला होता. आवाज ओळखता आला नाही तरी मजकुरावरून कळायला हवं होतं, कारण प्राथमिक फेरीत मत दिल्याने नोव्हेंबरचं मत जात नाही. फोनमागच्या राजकीय सल्लागाराला साठ लाख डॉलरचा दंड झाला. अशा वेळी उत्तर शोधायचं ते त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (राज्यातल्या निवडणुका पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) किंवा काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, निवडणूक कार्यालयाच्या पानावर. आपल्या निवडणूक आयोगासारखी सगळी निवडणूक चालवणारी एक संस्था तिथे नाही. ‘फेडरल इलेक्शन कमिशन’ हे नाव सारखं वाटलं तरी ते फक्त निवडणूक निधीचा हिशोब पाहतं.

काउंटीची कार्यालयं अनेकदा सगळ्यात वेगाने बोलतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत ट्रम्प यांची टपाली मतं फाडतानाचा व्हिडिओ फिरला. पाकिटं आणि कागद आमचे नाहीतच, असं काउंटीने लगेच सांगितलं, आणि व्हिडिओ रशियातून बनवला गेल्याचं केंद्रीय यंत्रणांनी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं.

मोजणीच्या रात्रीची उडी

४ नोव्हेंबर २०२० च्या पहाटे विस्कॉन्सिनच्या आलेखात बायडन यांची रेषा सरळ उभी वर गेली. तो आलेख अजून फिरतो. कारण साधं होतं. विस्कॉन्सिनच्या कायद्याने टपाली मतपत्रिका मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नाहीत. मिलवॉकी शहर आपल्या सगळ्या टपाली मतपत्रिका एकाच ठिकाणी मोजतं, आणि त्या सुमारे १ लाख ७० हजार मतांचा निकाल पहाटे एकगठ्ठा जाहीर झाला. शहर डेमोक्रॅटांचं, आणि त्या वर्षी टपालाने मत देणारेही जास्त करून डेमोक्रॅटच. फ्लोरिडा टपाली मतं आधीच तपासून ठेवतं, म्हणून तिथे उलट क्रम दिसतो. कॅलिफोर्नियात तर मोजणी काही आठवडे चालते. रात्री दिसणारी आघाडी म्हणजे कोणता गठ्ठा आधी मोजला ते. ‘एपी’ ही वृत्तसंस्था किंवा वाहिन्या जो विजय घोषित करतात, तोही अंदाजच असतो, फक्त फार काळजीपूर्वक केलेला. अधिकृत निकाल काउंटी आणि राज्य पुढच्या आठवड्यांत प्रमाणित करतात.

त्याच पहाटे मिशिगनमधल्या अँट्रिम या छोट्या, रिपब्लिकनांच्या हक्काच्या काउंटीने आकडे दिले: बायडन ७,७६९, ट्रम्प ४,५०९. लोकांना ते अशक्य वाटलं, आणि त्यांचं बरोबर होतं. स्थानिक लढतींसाठी ऑक्टोबरात काही गावांच्या मतपत्रिकेत बदल झाला होता, पण सगळ्या यंत्रांच्या मेमरी कार्डांत तो भरला गेला नव्हता. जुन्या यादीचे क्रमांक नव्या यादीशी जुळेनात, आणि मुख्य संगणकाने मतं शेजारच्या नावावर टाकली. यंत्रांनी छापलेल्या कागदी पट्ट्यांवर मात्र आकडे बरोबर होते. त्या पाहून निकाल दुरुस्त झाला: ट्रम्प ९,७४८, बायडन ५,९६०. तोवर पहिला आकडा यंत्रांतल्या घोटाळ्याचा पुरावा म्हणून देशभर पोचला होता. १७ डिसेंबरला अँट्रिममध्ये प्रत्येक कागदी मतपत्रिका हाताने मोजली. ट्रम्प यांची ११ मतं वाढली, बायडन यांचं एक कमी झालं.